विश्वास उरला नसताना कद्दीश म्हणणं म्हणजे ढोंग का?

प्रश्न थोडक्यात असा होता: ठाण्यातला एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातला, मुलगा लिहितो की वडील पाच महिन्यांपूर्वी गेले, त्याआधी दीड वर्ष कॅन्सर. आईची इच्छा आहे की त्याने सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, जाऊन कद्दीश, म्हणजे आईवडील गेल्यावर मुलाने म्हणायची प्रार्थना, म्हणावा. "माझा देवावर विश्वास आधीही फार नव्हता, बाबांचं ते सगळं बघून उरलासुरलाही गेला. मग तोंडाने देवाची स्तुती करायची हे ढोंग नाही का? आणि आजकालच्या यहुदी विचारवंतांकडे याचं काही खरं उत्तर आहे का, की सगळे गोलगोलच बोलतात?"

आधी, बाबांचं वाचून वाईट वाटलं. तुला अरेतुरे करतेय, चालेल ना, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. मी गेली 23 वर्षं इकडे इस्राएलच्या दक्षिणेला एका छोट्या गावात मोठ्या माणसांना यहुदी विचार शिकवते. संध्याकाळचे क्लास, लोक दिवसभर राबून येतात, अर्धे डुलक्या काढतात, उरलेले अर्धे भांडतात. माहेर पेणकडचं, त्यामुळे मराठीत लिहिणं सोपं जातं, पण मी रब्बी नाही, तेव्हा हालाखाचा, म्हणजे धर्मनियमांचा, निकाल माझ्याकडून घेऊ नकोस, तो तुमच्याकडच्या जाणकारालाच विचार. मी सांगणार ते इतकी वर्षं अशाच प्रश्नांशी झोंबी घेऊन जे हाती लागलं ते.

तुझ्या पत्रात मला एक नाही, तीन प्रश्न दिसतात आणि तू त्यांचं एकच गाठोडं बांधलंयस. देव आहे का, हा एक. असेल तर बाबांच्या वाट्याला असं का, हा दुसरा. आणि या दोन्हीचं उत्तर मिळालेलं नसताना सिनेगॉगमध्ये उभं राहायचं तर कुठल्या तोंडाने, हा तिसरा. क्लासमध्ये कुणी असं गाठोडं घेऊन आलं की मी एक साधी गोष्ट विचारते, तूही स्वतःला विचारून बघ: समजा उद्या कुणी तुला एकदम पक्का पुरावा आणून दिला की देव आहे, तर तुला बरं वाटेल की आणखी संताप येईल? ज्यांना बरं वाटेल त्यांची शंका डोक्यातली, त्यांना पुस्तकं द्यावीत, वाद घालावेत, मजा येते. ज्यांना संताप येईल त्यांना पुराव्याचा काही उपयोग नाही कारण त्यांचं भांडण देव आहे की नाही यावर नाहीच, ते त्याच्याशीच आहे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला वाटतं तू दुसऱ्या गटातला आहेस. चुकत असेन तर पुढचं अर्धं सोडून दे.

आता हा "विश्वास" शब्द. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो, भुतावर विश्वास आहे आणि भावावर विश्वास आहे. भुताच्या बाबतीत म्हणजे ते असतं असं मानणं, भावाच्या बाबतीत तो आहे का हा प्रश्नच नसतो, तो वेळेला उभा राहील का एवढाच असतो. हिब्रूतला शब्द एमुना, आणि तो मुळात भावाच्या बाजूचा आहे. तोरा म्हणजे आपला मूळ धर्मग्रंथ, त्याच्या दुसऱ्या पुस्तकात अमालेक नावाच्या शत्रूशी लढाई चालू असते तेव्हा इस्राएलचा नेता मोशे डोंगरावर हात वर करून उभा असतो, हात खाली आले की इस्राएल हरायला लागतं, हात भरून येतात, मग अहरोन आणि हूर हे सोबती त्याला दगडावर बसवतात आणि एकेक जण एकेका बाजूने हात धरून ठेवतो, आणि तिथे लिहिलंय की सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात "एमुना" होते. म्हणजे स्थिर होते. ते हात काय मानत होते? काहीच नाही, ते फक्त खाली आले नाहीत, तेही दुसऱ्यांनी धरले होते म्हणून. मी हा भाग दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी वाटतं की उरलेलं सगळं याचीच टीप आहे.

विसाव्या शतकात मार्टिन बुबर या यहुदी विचारवंताने हाच फरक धरून मोठी मांडणी केली, एखाद्यावर भरवसा टाकणं वेगळं आणि एखादं विधान खरं मानणं वेगळं, पहिलं यहुदी आणि दुसरं ख्रिस्ती. ऐकायला छान वाटतं पण मला ते जरा जास्तच सरळ रेष मारल्यासारखं वाटतं, कारण आपल्याच रामबामने, म्हणजे मायमोनिडीस या थोर पंडिताने, बाराव्या शतकात 13 तत्त्वं घालून दिली ती सरळ "अमुक खरं आहे" याच धाटणीची आहेत आणि त्यांचं गाणं करून आपण सिनेगॉगमध्ये गातो सुद्धा. तेव्हा "यहुद्यांना काय मानता हे महत्त्वाचंच नाही" असं तुला कुणी सांगितलं तर ते अर्धसत्य आहे. तुझी पहिली शंका खरी आहे, तिला मी खोटं पाडणार नाही. फक्त कद्दीशचा दरवाजा त्या शंकेच्या चावीने उघडत नाही एवढंच माझं म्हणणं.

आता आधुनिक लोकांकडे वळू. तू विचारलंस गोलगोल बोलतात का. काही बोलतात. पण एक जण अजिबात नाही, येशायाहू लायबोविट्झ. 1903 साली रिगामध्ये जन्मला, शास्त्रज्ञ, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात प्राध्यापक, आणि तोराच्या आज्ञा काटेकोर पाळणारा. त्याचं म्हणणं असं की जगाकडे बघून देवाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, निसर्गातून नाही, इतिहासातून नाही, मनाच्या शांतीतून तर अजिबातच नाही. श्रद्धा हा निष्कर्ष नाही, तो निर्णय आहे, आज्ञांचं जू खांद्यावर घेण्याचा. प्रार्थना तुला बरं वाटावं म्हणून नसतेच. शोआनंतर, म्हणजे नाझींनी केलेल्या यहुद्यांच्या संहारानंतर, ज्यांची श्रद्धा गेली त्यांच्याबद्दल तो म्हणायचा की त्यांची श्रद्धा देवावर नव्हतीच, देवाच्या मदतीवर होती.

हे वाक्य मी एकदा फार मोठ्या तोऱ्यात क्लासमध्ये सांगितलं. समोर एक बाई बसल्या होत्या, त्यांचा नवरा जाऊन चार महिने झाले होते, मला माहीत होतं तरी सांगितलं, कारण मुद्दा रंगात आला होता. त्या उठल्या, पर्स घेतली आणि गेल्या. दोन वर्षं आल्या नाहीत. नंतर एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचा प्रोफेसर बरोबर असेल हो, पण त्याला कुणी मेलेलं माहीत नसावं." हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे, पण मी काही बोलले नाही. तेव्हापासून लायबोविट्झ मी सुतकातल्या माणसाला आपणहून देत नाही. तुला देतेय कारण तू ढोंगाबद्दल विचारलंस आणि त्यावर त्याच्याइतकं स्वच्छ उत्तर कुणाकडे नाही: तुझ्या मनात काय चाललंय याचा कद्दीशशी संबंध नाही, मुलाचं काम आहे, जा आणि म्हण.

याच्या बरोबर उलट टोकाला अब्राहम यहोशुआ हेशेल. वॉर्साचा, हसिदी या भक्तिपंथातल्या घराण्यातला, 1939 मध्ये जेमतेम निसटला, आई आणि बहिणी नाझींच्या हातून गेल्या. तो म्हणतो आत काही हललंच नाही तर शब्द मेलेले आहेत. त्याची सुरुवात आश्चर्यापासून, की हे सगळं आहे हेच केवढं, आणि माणूस देवाला शोधतो त्यापेक्षा देवच माणसाला शोधतोय. 1965 मध्ये अमेरिकेत सेल्माला कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंगच्या बरोबर चालला आणि म्हणाला की माझे पाय प्रार्थना करत होते असं वाटलं. फार सुंदर माणूस. पण जे आश्चर्य तो गृहीत धरतो ते तुला कधी जाणवलंच नसेल तर तो तुला काही देऊ शकत नाही, आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दीड वर्ष काढलेल्या माणसाला "जग किती अद्भुत आहे" सांगणं म्हणजे… जाऊ दे. इंजिनियर लोकांना तर मी हेशेल दुसऱ्या वर्षी देते.

मग शोआनंतरचे लोक. इथे एक सावधगिरी, बाबांचा आजार आणि शोआ यांची तुलना तू करू नकोस आणि कुणी केली तर ऐकून घेऊ नकोस, दोन्हीकडे अपमान होतो. पण विचार कुठे अडतात ते बघायला उपयोग होतो. अमेरिकन रब्बी रिचर्ड रुबेनस्टाइनने 1966 मध्ये सरळ लिहिलं की इतिहास चालवणारा, निवडणारा, शिक्षा करणारा देव आता मानता येणार नाही. मोठी खळबळ झाली. गंमत अशी की ज्याने सगळ्यात जास्त नाकारलं तोच म्हणत होता की विधी सोडू नका, जन्म, मरण, सुतक यात माणसाला एकट्याने उभं राहता येत नाही. एलिएझर बेर्कोविट्स ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरा काटेकोर पाळणारा, त्याने जुनी "हेस्तेर पानिम" म्हणजे देवाने तोंड लपवण्याची कल्पना घेतली, माणसाला मोकळीक द्यायची तर देवाला मागे सरावं लागतं, आणि त्या मोकळिकीत खुनीही येतात. पण त्याची एक गोष्ट मला फार आवडते. तो म्हणतो आपण ईयोब नाही, म्हणजे आपल्या धर्मग्रंथातला तो निर्दोष असून सगळं भोगणारा माणूस नाही, ईयोबाचे भाऊ आहोत, ज्यांनी ते भोगलं त्यांच्यातल्या काहींची श्रद्धा तिथेच गेली आणि काही ती धरून गेले, बाहेर बसलेल्या आपण दोघांपुढेही मान झुकवायची.

पण नीट बघ, बेर्कोविट्सचं हे उत्तर माणसाने केलेल्या दुष्टपणाला लागू पडतं. कॅन्सरच्या पेशीला कसली आलीय मोकळीक? तिथे ते थांबतं, आणि ते थांबतं हे मान्य करायला शिकवणाऱ्यांना जड जातं, मलाही पहिली दहा वर्षं जड गेलं. पेशीच्या प्रश्नाला सरळ भिडतो तो अमेरिकन रब्बी मोर्देखाय कॅपलन. त्याने सांगितलं की वर बसून रिपोर्टवर सही करणारा कुणी नाहीच, देव म्हणजे जगातली ती ताकद जी माणसाला चांगलं व्हायला, उभं राहायला लावते. 1945 मध्ये न्यू यॉर्कला ऑर्थोडॉक्स रब्बींच्या सभेने त्याला बहिष्कृत केलं आणि तिथे त्याचं प्रार्थनेचं पुस्तक जाळलं गेलं. त्याच्या हिशोबात बाबांना कुणी आजार दिला नाही, त्यामुळे रागवायलाही कुणी नाही. काहींना यात खूप मोकळं वाटतं. मला नाही वाटत, कारण मग भांडायलाही कुणी उरत नाही, आणि मला वाटतं तुलाही भांडायला कुणीतरी हवंय.

मी स्वतः कुठे उभी आहे विचारशील तर अर्व्हिंग ग्रीनबर्ग या अमेरिकन रब्बीच्या जवळ. त्याची कसोटी अशी की जळणाऱ्या मुलांच्या समोर उभं राहून जे बोलता येणार नाही ते देवाबद्दल कुठेच बोलू नये. आणि त्याने श्रद्धेला क्षणांमध्ये मोजलं, कधी आहे, कधी धुराने झाकलीय, श्रद्धाळू आणि संशयी यांच्यात फरक असतो तो खात्रीचा नाही, किती वेळा ते क्षण येतात त्याचा. माझा आठवडा असाच असतो. शुक्रवारी दिवे लावताना असते, मंगळवारी बातम्या बघताना नसते.

इथपर्यंत थोडं गोळा करते, म्हणजे हरवायला नको: डोक्यातली शंका खरी आहे पण ती आज सुटायची गरज नाही, पोटातला राग ही श्रद्धा नसल्याची खूण असेलच असं नाही, आणि वरच्या सगळ्या मोठ्या नावांचं आपापसात पटत नाही, तरी त्यातल्या एकानेही "विश्वास नाही तर येऊ नकोस" म्हटलेलं नाही. 

आणि हे काही आजचं नाही. तालमुद म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्यात एक गोष्ट आहे, छोटीशी. बाप मुलाला सांगतो, वर चढून घरट्यातली पिल्लं घेऊन ये. मुलगा चढतो, तोराने सांगितल्याप्रमाणे आईपक्ष्याला आधी उडवून लावतो, मग पिल्लं घेतो. आता बघ, तोरामध्ये दीर्घायुष्याचं वचन दिलेल्या आज्ञा आहेत त्यातल्या दोन म्हणजे आईबापांचा मान आणि ही आईपक्ष्याला सोडण्याची, आणि मुलगा एकाच वेळी दोन्ही पाळतोय. उतरताना पडतो आणि मरतो. हे बघून एलिशा बेन अबुया, केवढा विद्वान, सगळं सोडून गेला असं एक मत तिथे दिलंय, त्याचं नावच पुढे "आखेर" पडलं, म्हणजे तो दुसरा. तीच घटना सांगून रब्बी याकोव म्हणतात की बक्षीस या जगात मिळत नाही, हे वचन पुढच्या जगाचं. आणि हा याकोव कोण? एलिशाच्या मुलीचा मुलगा. एकाच घरात, एकाच पडलेल्या मुलावरून, आजोबा बाहेर गेले आणि नातू आत राहिला. तालमुदने दोघांनाही ठेवलं.

याच एलिशाची दुसरी गोष्ट मला जास्त प्रिय आहे. सगळं सोडल्यावरही त्याचा शिष्य रब्बी मेईर त्याच्याकडून शिकत राहिला, लोकांनी नाकं मुरडली तरी. एका शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, एलिशा घोड्यावर बसून चाललाय, मनाई असताना शब्बाथला घोड्यावर, आणि मेईर मागून चालत चालत ऐकतोय. मध्येच एलिशा म्हणतो, मेईर, परत फिर, मी घोड्याची पावलं मोजलीत, शब्बाथला जेवढं चालायची मुभा आहे ती हद्द इथे संपली. कळलं ना? जो पाळत नाही तो दुसऱ्यासाठी पावलं मोजतोय. त्याला तुझ्या अर्थाने ढोंगी म्हणशील?

आता कद्दीश. तू ते कधी अर्थ लावून वाचलंयस का? त्यात मरणाचा एक शब्द नाही. तुझ्या बाबांचं नाव नाही, आत्म्याला शांती वगैरे नाही, देवाने जे केलं ते बरोबर केलं असंही कुठे नाही. अरामी भाषेत आहे. "यितगद्दाल वेयितकद्दाश शेमेह रब्बा", त्याचं थोर नाव मोठं होवो, पवित्र होवो. होवो. म्हणजे अजून झालेलं नाही. मी हे वर्षानुवर्षं म्हणताना ऐकलं आणि हे लक्षात यायला चाळिशी उजाडली, की ही स्तुती असली तरी त्यात एक तक्रार दडलीय, जग जसं असायला हवं तसं ते नाहीये आणि ते व्हावं असं सुतकातला माणूस उभा राहून सगळ्यांदेखत म्हणतोय. आणि त्याचा कणा तू म्हणतोस तो भाग नाहीच, बाकीचे जे उत्तर देतात ते, "आमेन, येहे शेमेह रब्बा". म्हणूनच ते एकट्याने म्हणता येत नाही, दहा माणसं लागतात. अहरोन आणि हूर आठवले?

आपल्या कोकणातल्या लोकांचा विचार कर जरा. आपल्याकडे सांगतात ती नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची गोष्ट, पुस्तकं गेली, पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू गेली, रामबाम कोण ते माहीत नाही, तालमुद नाही. उरलं काय? शेमा ही प्रार्थना, सुंता, शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून शनवार तेली, आणि पंख नि खवले असलेलेच मासे. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाला, तर नाव सुद्धा आपलंच, दरफाळणीचा सण. दाविद राहाबी नावाचा यहुदी बाहेरून आला तेव्हा त्याने म्हणे बायकांना मासे रांधायला दिले आणि त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले, तेव्हा हे यहुदीच अशी त्याला खात्री पटली. त्याने कुणाला देवाबद्दल काय वाटतं विचारलं नाही. यावरून "मग विचार कशाला, फक्त करत राहा" असं मी म्हणत नाहीये, नाहीतर माझी 23 वर्षांची नोकरीच फुकट. पण करणं हे मानण्याची वाट बघत थांबलेलं नव्हतं एवढं नक्की.

ढोंगाचं म्हणशील तर ढोंगाला फसवला जाणारा कुणीतरी लागतो. तू कुणाला फसवतोयस? देव असेल तर त्याला माहीत आहे, नसेल तर प्रश्न मिटला. उरली आई. तिला तुझ्या मनातलं माहीत आहे का? नसेल तर एकदा सांग, एकदाच, शांतपणे, "मला पटत नाही पण बाबांसाठी जाईन", रोज जेवताना वाद घालू नकोस. बहुतेक आयांना हे आधीच माहीत असतं. पण आईची तब्येत नाजूक असेल, ती अजून रात्री झोपत नसेल, तर थांब दोन महिने, हे सगळ्यांसाठी एकसारखं नसतं.

बाकी गोष्टीही तुझ्या परिस्थितीवर आहेत. रोज दहा माणसं जमत नसतील तर जेव्हा जमतात तेव्हा जा, तू दहावा असशील तर नक्की जा, कारण मग तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाचा तरी कद्दीश होतो, आणि दारात दहाव्याला कुणी श्रद्धेची परीक्षा विचारत नाही. महिनाभर जाऊनही दात आवळून उभा राहत असशील, घरी येऊन आईवरच चिडत असशील, तर आठवड्यातून एकदा कर, आपल्याकडे 11 महिने म्हणतात, अजून सहा आहेत. आणि तिथे कुणी "देवाची योजना होती" किंवा "कुणाच्या तरी पापाचं फळ" असं बोललं तर बाहेर येऊन चहा पी, ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव त्या समजावणाऱ्या मित्रांवरच रागावलाय, ओरडणाऱ्या ईयोबाबद्दल म्हणतो की हा बरोबर बोलला.

एक फ्रान्झ रोझेन्झ्वाइग राहिला, त्याच्याबद्दल लिहायला बसले तर रात्र होईल. 1913 मध्ये ख्रिस्ती व्हायला निघाला होता, राहिला, आणि पुढे मोठा यहुदी विचारवंत झाला. त्याला कुणी विचारलं तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळच्या चामड्याच्या छोट्या पेट्या, बांधतोस का, तर सांगतात की तो म्हणाला "अजून नाही". हो नाही, नाही पण नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाला, देव आहे का वाल्या, तू सध्या एवढं उत्तर दिलंस तरी चालेल.

आणि कामाची गोष्ट. देवनागरीत लिहिलेला कद्दीश मिळव, आईकडे जुन्या तेफिलाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, पुस्तकात असेल बहुतेक, बाबांनी कडेला पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात बऱ्याचदा. घरी दोनचारदा मोठ्याने वाच कारण मधली शब्दांची रांग लांब आहे आणि जीभ अडखळते. पहिल्या दिवशी हाझानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, आधीच सांगून ठेव की मी हळू म्हणणार आहे. ते थांबतील.